ऐकू आलं तर पाय हलव

मी उडायला शिकलो असं सांगितलं की लोकांना वाटतं, या माणसाकडे आकाशातले किस्से असणार. तसं काही नाही हो. किस्से साठतात जमिनीवर, काहीच घडत नसताना. इंग्लंडात पॅरामोटर शिकायचं म्हणजे शनिवारी भल्या सकाळी ब्रिस्टलहून तासभर गाडी चालवत एका शेतात जायचं आणि वारा पडायची वाट बघत बसायचं. पडला तर वीस मिनिटं उडायचं, नाही पडला तर फ्लास्कमधला चहा संपवून घरी. मी दोन उन्हाळे हे केलं. एवढं बसल्यावर किस्से साठणारच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाठीवर इंजिन आणि भला मोठा पंखा बांधायचा, मागे गवतावर पॅराशूटसारखं कापड पसरायचं, आणि धावत सुटायचं. कापड डोक्यावर आलं, पाय जमिनीवरून सुटले की झालं विमान. सुरुवातीची एखादी चक्कर इन्स्ट्रक्टर तुम्हाला स्वतःशी बांधून नेतो, पुढे सगळं एकट्यानं. एकटं राहण्याची मला तोवर बऱ्यापैकी प्रॅक्टिस झाली होती.

*

हे सगळं सुरू झालं एका व्हाउचरमुळे. माझ्या वाढदिवसाला बायकोनं, मंजिरीनं, ते घेतलं होतं: इन्स्ट्रक्टरबरोबर एकेक चक्कर, दोन जणांसाठी. फेब्रुवारीत ती पुण्याला गेली आणि परत येणार नाही असं मार्चमध्ये मेल करून कळवलं. भांडण नाही, तंटा नाही. ‘तू घरात असतोस तेव्हाही मी एकटीच असते’ असं एक वाक्य त्यात होतं. ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

व्हाउचर मेअखेर बाद होणार होतं. वाया का घालवा, म्हणून गेलो. शेतात एक पांढरी व्हॅन, बिस्किट नावाची एक म्हातारी कुत्री, आणि फोल्डिंगच्या खुर्चीत ग्रॅहम. साठीचा, उंच, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. हा आमचा इन्स्ट्रक्टर.

त्यानं व्हाउचर वाचलं. “दोघं लिहिलंय.”

“हो.”

“दुसरं कोण?”

“मीच.”

त्यानं मला एक चक्कर मारून आणली, खाली उतरल्यावर चहा दिला, मग पुन्हा बांधलं आणि दुसरी चक्कर मारून आणली. दुसऱ्यांदा उतरल्यावर पट्टे सोडता सोडता म्हणाला, “कोणाला जास्त आवडलं?”

मी म्हटलं, “पहिला घाबरला होता. दुसऱ्याला आवडलं.”

“मग दुसऱ्याला पुढच्या शनिवारी पाठव.”

*

पुढच्या शनिवारी फॉर्म आला. इथे पॅरामोटरला कायद्यानं लायसन्स लागत नाही, पण सर्टिफिकेट असतं आणि ग्रॅहम त्या बाबतीत कडक होता. एक लॉगबुक, त्यात पानभर कामं, प्रत्येकासमोर त्याची सही. सगळ्या सह्या झाल्या की तुम्ही पायलट. मग तुम्ही कोणाच्या देखरेखीशिवाय उडू शकता.

फॉर्मवर रकाना होता: अपघात झाल्यास कोणाला कळवायचं. मी पेन धरून बसलो. ऑफिसमध्ये जेवणाच्या वेळी हवामानावर बोलणारे पाच-सहा जण होते, पण त्यांतल्या कोणाला ‘मी पडलो तर तू ये’ असं सांगण्याइतकी ओळख नव्हती. नागपूरला आई-बाबा, पण त्यांना मंजिरी गेल्याचंच सांगितलं नव्हतं. दर रविवारी परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड खरवडून, त्यावरचा नंबर दाबून फोन लावायचो. आई विचारायची, “मंजिरी कुठे आहे रे?” मी म्हणायचो, बहुतेक वेळा शॉपिंगला, कधी आणखी कुठे. अशात त्यांचं नाव कुठून लिहिणार? शेवटी मी आमच्या कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कचा नंबर लिहिला. मी सॉफ्टवेअर टेस्टर, आमच्याकडे कशाचंही काही झालं की तिथेच कळवतात.

हा ग्रॅहम असा, की त्यानं खरंच फोन करून पाहिला. येऊन म्हणाला, “मी विचारलं, अविनाश आकाशातून पडला तर काय कराल? त्या मुलीनं मला तक्रारीचा तिकीट नंबर दिला. दोन वर्किंग डेजमध्ये कोणीतरी संपर्क करेल म्हणाली.”

मी फॉर्मकडे बघितलं.

“म्हणजे शनिवारी पडलास तर मंगळवारी येतील.” त्यानं रकान्यावर काट मारली. “इथे माणसाचं नाव हवं. घाई नाही. पण ते मिळाल्याशिवाय शेवटची सही होणार नाही.”

*

आमच्या बॅचला तिघं होतो. मी, केविन नावाचा प्लंबर, आणि मूळची लंडनमधल्या ईलिंगची नीना. नीना तिकडेच जन्मलेली, चोवीस वर्षांची. आडनाव वाचून मला आनंद झाला तर म्हणाली, “माझा मराठी खूप बॅड आहे हां, अंकल.” अंकल. तेव्हा मी अडतीसचा होतो.

पहिले कितीतरी शनिवार नुसतं धावणं. पाठीवर तीस किलोचं इंजिन, आणि पाय जमिनीवरून पूर्ण सुटेपर्यंत धावत राहायचं हा एकच नियम. मी काय करायचो, कापडानं जरा वर ओढलं की पाय उचलून सीटवर बसायचो. वाटायचं, उडालो. कापडाला वाटायचं, हा थांबला. मग दोघंही खाली. त्या शेतात आठवडाभर मेंढ्या असायच्या, त्यामुळे आपण कशात बसलो ते लगेच कळायचं.

सहाव्यांदा बसलो तेव्हा ग्रॅहम खुर्चीतून उठून आला. मला वाटलं, आता घरी पाठवतो. तो म्हणाला, “अविनाश, ही मीटिंग नाही. बसू नकोस.”

केविन एवढा हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. सातव्यांदा मी पळत राहिलो, पळत राहिलो, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी हवेत पळतोय.

*

आता रेडिओ. हेल्मेटमध्ये एक छोटा रेडिओ असायचा, पण फक्त ऐकायचा. शिकणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि घाबरलेला माणूस काय वाटेल ते बरळतो, म्हणून आपल्याला बोलायची सोयच नाही. ग्रॅहम खालून सांगणार, आणि आपण ऐकू आलं हे कळवायला पाय हलवायचे. बस. दोन्ही पाय झोपाळ्यावर बसल्यासारखे मागेपुढे.

गंमत अशी, की जमिनीवर दहा शब्द बोलणारा हा माणूस रेडिओवर सुटायचा. ‘अविनाश, डावीकडे घे. छान. त्या ओकच्या झाडापलीकडचं शेत आमचं होतं. मॉरीन तिथे बटाटे लावायची. आता थोडा ब्रेक ओढ. ऐकू आलं तर पाय हलव.’ मी हलवायचो. मॉरीन म्हणजे त्याची बायको, वारली होती. हे मला पाचशे फुटांवर कळलं. खाली उतरून मी त्याबद्दल बोलायला गेलो तर म्हणाला, “बिस्कुटं व्हॅनमध्ये आहेत.”

आणखी एक. ऑफिसमध्ये माझ्या नावाचं अ‍ॅव्ही झालं होतं. ग्रॅहम पूर्ण अविनाश म्हणायचा. हवेत अर्धवट नावानं घोटाळा होतो म्हणे. त्या काळात आठवड्यात माझ्याशी नेमानं बोलणारे आवाज म्हणजे कॉलिंग कार्डमधली बाई, गाडीतली रस्ता सांगणारी बाई, सुपरमार्केटच्या मशीनमधली बाई. यातल्या एकीलाही माझं नाव माहीत नव्हतं. त्यामुळे शनिवारी कानात ‘अविनाश’ आलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच जायचो मी.

आणि त्याची सवय लागली. एकदा ऑफिसमध्ये एडिनबराच्या टीमबरोबर कॉन्फरन्स कॉल होता. मॅनेजरनं विचारलं, “अ‍ॅव्ही, आर यू देअर?” मी समाधानानं टेबलाखाली दोन्ही पाय हलवले आणि उत्तर दिल्यासारखा बसून राहिलो. तिनं तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा हलवले. चौथ्यांदा तिनं मिनिट्समध्ये लिहून टाकलं की मी गैरहजर आहे.

*

इंग्रज माणसं खासगी काही विचारत नाहीत. मला ते सोयीचं होतं. पण नीनाचं मराठी अर्धवट असलं तरी चौकशा पूर्ण मराठी होत्या. एकदा वारा काही पडेना. तिघं व्हॅनच्या आडोशाला बसलो होतो. नीनानं डबा उघडला, आजीनं दिलेल्या दशम्या आणि चटणी. एक माझ्या हातावर ठेवत म्हणाली, “अंकल, तुमचा बायको कधीच येत नाही बघायला?”

“शॉपिंगला गेली आहे,” मी म्हटलं. तोंडात बसलंच होतं.

“एव्हरी सॅटर्डे?”

मी दशमी खात राहिलो. वर्षभरात मला कोणी हे मराठीत, समोर बसून विचारलं नव्हतं, आणि समोर बसून खोटं बोलणं फोनवर बोलण्याइतकं सोपं नसतं. मी म्हटलं, “नाही ग. ती गेली. पुण्याला. आता येणार नाही.”

नीनानं इंग्रजीत बोलायला तोंड उघडलं, बंद केलं. मग बहुतेक तिची आजी जसं म्हणत असेल तसं “अगं बाई” म्हणाली आणि उरलेल्या सगळ्या दशम्या माझ्या मांडीवर ठेवून दिल्या. केविनला एकही मिळाली नाही. त्याला काय झालं ते कळलंही नाही, पण त्यानं आपल्या फ्लास्कमधला चहा मला ओतून दिला.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यावर नीनाची शेवटची सही झाली, तीन आठवड्यांनी केविनची. दोघांनी मिठ्या मारल्या, भेटत राहू म्हणाले, आणि गेले. शेतात मी, ग्रॅहम आणि बिस्किट उरलो.

*

शेवटच्या सहीआधी माझी दोन कामं राहिली होती. एक तो रकाना. दुसरं, गवतावर चुन्यानं आखलेल्या वर्तुळात उतरायचं. लागोपाठ तीनदा. मला ते कधीच जमायला लागलं होतं. पण जमलं की सही, आणि सही झाली की शनिवार संपले. म्हणून मी दोनदा वर्तुळात उतरायचो आणि तिसऱ्यांदा जरा बाहेर. ग्रॅहम म्हणायचा, “वाईट झालं. पुढच्या शनिवारी बघू.” मी चेहरा पाडून हो म्हणायचो. असे सात शनिवार काढले.

आठव्या शनिवारी मी वर असताना त्याच्या रेडिओचं बटण अडकलं. बटण दाबलेलं राहिलं की तो बोलेल ते सगळं माझ्या कानात, आणि त्याचा त्याला पत्ताच नाही. आधी चहाच्या घोटांचे आवाज आले. मग तो बिस्किटशी बोलायला लागला.

“आता बघ हां. दोनदा बरोबर उतरला, आता तिसऱ्यांदा बाहेर उतरेल. वर्तुळ बघून, नीट मोजून बाहेर उतरतो. एवढं अचूक बाहेर उतरणं केविनला जन्मात जमणार नाही.”

मी इंजिन कमी केलं. कान तापले होते माझे.

“उतरू दे,” तो म्हणाला. “माझं काय जातंय? मी घरी जाऊन तरी काय करणार आहे? तूही झोपूनच असतेस.” मग एकदम हळू आवाजात, “पण हे त्याच्यासाठी बरं नाही ग. मॉरीन असती तर मला ओरडली असती.”

मला राहवेना. उत्तर द्यायला तोंड नाही. मी दोन्ही पाय जोरजोरात हलवले.

“हे बघ,” कानात आवाज आला, “पाय काय हलवतोय वेड्यासारखे. मी तर काही बोललोसुद्धा नाही.”

त्या दिवशी मी तिसऱ्यांदाही वर्तुळात उतरलो. अगदी मधोमध. ग्रॅहम वर्तुळाकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या रेडिओकडे. लॉगबुकवर सही केली. “आता नाव आण,” एवढंच म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. नवं कार्ड खरवडलं, सतरा आकडे दाबले, बाईनं किती मिनिटं आहेत ते सांगितलं. फोन आईनं उचलला.

“काय करून राहिला? जेवला का?”

“आई, मंजिरी शॉपिंगला गेलेली नाही.”

“मग आज कुठे गेली?”

मी सांगितलं. सगळं, फेब्रुवारीपासून. आई ऐकत होती. मग म्हणाली, “माहीत आहे रे. तिनंच सांगितलं, गेल्या वर्षी मार्चमध्ये. रडत होती पोरगी.”

“मग तू दर रविवारी विचारत का होतीस?”

“तू सांगशील म्हणून. दीड वर्ष वाट पाहून राहिलो आम्ही. तुझे बाबा तर वहीत लिहून ठेवत होते, आज काय सांगितलं ते. मागच्या महिन्यात तू तिला पोहायला पाठवली. ती पाण्याला किती घाबरते.”

मागून बाबांचा आवाज आला, “दोनदा पाठवली.”

मी हसायला लागलो आणि त्याच हसण्यात रडलो. मग त्यांना उडण्याचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं, हेल्पडेस्कचं सांगितलं. आई ऐकून म्हणाली, “माझं नाव लिही. मी येते.”

“आई, नागपूरहून यायला किती वेळ लागतो माहीत आहे ना?”

“त्या ऑफिसवाल्यांच्या आधी पोचते मी.”

ग्रॅहमनं सवयीप्रमाणे तिलाही फोन करून पाहिला. आईनं पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. दोघं वीस मिनिटं बोलले. मी व्हॅनला टेकून उभा होतो, मला काही ऐकू येत नव्हतं. काय झालं विचारलं तर म्हणाला, “आतून स्वेटर घाल म्हणाली.” बाकीची एकोणीस मिनिटं काय बोलले, ते मला आजतागायत दोघांनीही सांगितलेलं नाही.

*

शेवटची सही होते एका उड्डाणावर, बिनरेडिओच्या. सप्टेंबरची संध्याकाळ होती, वारा पार पडला होता. ग्रॅहमनं माझ्या हेल्मेटमधून रेडिओ काढला आणि खिशात टाकला. “अर्धा तास. कुठे जायचं, कधी उतरायचं, तुझं तू ठरव. मी काही सांगणार नाही.” मग खुर्चीत जाऊन बसला.

मी धावलो, बसलो नाही, उडालो. वर गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की कान रिकामे आहेत. इंजिनाचा आवाज होता, पण माझं नाव घेणारं कोणी नव्हतं. ओकच्या पलीकडचं बटाट्यांचं शेत दिसलं. सूर्य कलला होता, लांब खाडीचं पाणी चमकत होतं, सगळं फार सुंदर होतं आणि ‘बघ’ म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. मला भीती नाही वाटली. एकटं वाटलं, चांगलंच. दोन वर्षांत जेवढं वाटलं नव्हतं तेवढं त्या अर्ध्या तासात वाटलं.

मग मी बोलायला लागलो, मोठ्यानं, मराठीत. कोण ऐकतंय? मंजिरीला म्हटलं, तुझं व्हाउचर वाया नाही गेलं. म्हटलं, चुकलं माझं. आईला म्हटलं, स्वेटर घातलाय. शेवटची चक्कर शेतावरून घेतली. खाली व्हॅन, बिस्किट, आणि खुर्चीत ग्रॅहम, मान वर करून बघणारा. त्याच्या बरोबर डोक्यावर, तीनशे फुटांवरून, इंजिनाच्या त्या घरघराटात मी मराठीत विचारलं, “ग्रॅहम, सही झाल्यावरही शनिवारी येत जाऊ का रे?”

ग्रॅहमनं चहाचा मग गवतावर ठेवला. खुर्चीचे दोन्ही हात धरले, गमबूट घातलेले दोन्ही पाय वर उचलले, आणि हलवले.